माहेरी बरी होणारी सून

गल्ल्यावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकांशी चार शब्द बोलल्याशिवाय काकूंचा दिवस सुरू व्हायचा नाही. ताजे पाव कागदात गुंडाळता गुंडाळता त्या गल्लीभरची ख्यालीखुशाली विचारायच्या आणि आपल्या घरची सांगायच्या. सगळे त्यांना भट्टीवाल्या काकू म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बेकरी आता मुलगा चालवत होता, पण सकाळचा गल्ला काकूंनी सोडला नव्हता.

"सूनबाई आली का हो माहेराहून?" त्या दिवशी समोरच्या इस्त्रीवालीनं विचारलं.

"आज येतेय. येईल आता गुटगुटीत होऊन," काकू म्हणाल्या. "इथे असली की हिला धाप लागते, जिना चढवत नाही, हातून काम होत नाही. तिकडे आईच्या दारात पाऊल टाकलं की दुसऱ्या दिवशी बाजार करून येते. आता याला आजार म्हणायचं की नखरे, ते तुम्हीच ठरवा."

इस्त्रीवाली हसली. तिच्या मागे उभे असलेले निवृत्त मास्तरही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, पाव घेतले आणि गेले. त्या गल्लीत कोणी खोकलं म्हणून कोणी मान वळवत नसे.

बेकरी तळमजल्यावर होती आणि घर तिच्या डोक्यावर. मागच्या बाजूला भट्टी होती, आणि भट्टीचं धुराडं घराच्या मागच्या भिंतीला चिकटून वर जायचं ते छपराच्या जरासं वर संपायचं. पूर्वी भट्टीत साधं जळाऊ लाकूड जायचं. मग शहरात जुनी घरं पाडून उंच इमारती उभारायचा सपाटा सुरू झाला आणि पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कपाटं भंगारात मातीमोलानं मिळू लागली. मुलानं जळाऊ लाकूड बंद करून तेच घ्यायला सुरुवात केली. त्यावर रंग असायचा, पॉलिश असायचं, प्लायवूडच्या थरांत सरस असायचा, कपाटांच्या फळ्यांना सनमायका चिकटलेला असायचा. पहाटे भट्टी पेटली की ज्वाळा कधी कधी हिरवट दिसत. मग कारागीर गमतीनं म्हणायचे, आज कोणाचं तरी हिरवं दार आलंय वाटतं.

धूर वर जायचा, आणि हवा पडलेली असली की पुन्हा खाली उतरून गल्लीतच मुक्काम करायचा. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर आणि बांधकामांची धूळ त्यात येऊन मिसळायची. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर बोट काळं निघायचं. काजळी म्हणजे धंदा चालू असल्याची खूण, असं काकूंचे यजमान म्हणायचे. ते स्वतः शेवटची काही वर्षं खोकतच होते. लोक त्याला भट्टीवाल्याचा खोकला म्हणायचे. शिंप्याच्या बोटाला जशी सुई टोचायचीच, तसा भट्टीवाल्याला खोकला व्हायचाच, असं सगळे धरून चालले होते. काकूसुद्धा.

सून दुपारी आली. खरोखरच तजेलदार दिसत होती. तिचं माहेर शहराबाहेर होतं, बस जिथे शेवटची थांबते त्याच्याही पुढे, तळ्याकाठच्या वस्तीत. लग्न होऊन आली तेव्हा ती एका शाळेत बालवर्गाला शिकवायची. आवाज खणखणीत होता. जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारली तरी गच्चीवर ऐकू यायची. पण पहिलं वर्ष सरता सरता तो आवाज मधेच तुटायला लागला. वाक्य संपायच्या आत श्वास संपायचा. मुलं हसायची. शेवटी तिनं नोकरी सोडली. कोणत्याशा दवाखान्यातून तिनं श्वासाचा पंप आणला होता. तो तोंडाला लावून दाबला की तिला बरं वाटायचं, पण काकूंना ते बघवत नसे.

"त्याची सवय लागते," त्या म्हणायच्या. "आणि चार माणसांत ते तोंडाला लावून बसलीस तर लोक म्हणतील, यांच्या गळ्यात खोटं नाणं मारलं. वापरायचाच असेल तर आत जाऊन वापर, दार लावून."

सून आत जाऊन, दार लावून वापरायची. नवरा काही बोलायचा नाही. तो बायकोसमोर आईबद्दल बोलत नसे आणि आईसमोर बायकोबद्दल. एकंदरीत बोलतच नसे.

येऊन आठवडा झाला नसेल तोच तिची छाती पुन्हा भरली. नेमके त्याच दिवशी पाहुणे आले, काकूंचा भाऊ आणि भावजय. या भावजयीनं एके काळी आपली भाची काकूंच्या मुलासाठी सुचवली होती आणि काकूंनी ती नाकारली होती. त्यामुळे ती जेव्हा जेव्हा यायची तेव्हा तिची नजर सुनेवर असायची. काकूंना हे ठाऊक होतं. त्यांनी सुनेला आधीच बजावलं, "आजचा दिवस तेवढी नीट राहा."

सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे ठेवताना वाकली आणि तिचा श्वास अडकला. कप हलले. ती सरळ झाली आणि हसायचा प्रयत्न करू लागली. भावजयीनं विचारलं, "काय गं, बरं नाही का?"

सुनेचा हात खिशाकडे गेला. पंप खिशातच होता. तिनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. फक्त डोळ्यांनी, पण त्या घरात तेवढं पुरायचं. सुनेचा हात तिथेच थांबला.

"काही नाही, जरा दगदग झाली," काकूच म्हणाल्या आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

सून आत गेली. इकडे बाहेर भाच्याच्या नव्या नोकरीच्या गप्पा चालल्या होत्या आणि स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मुलगा धावला. ती ओट्याला धरून खाली बसली होती. ओठ निळसर पडले होते आणि दोन्ही खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. पंप हातात होता, पण दाबायला बोटांत जोर नव्हता. नवऱ्यानं तो दाबून दिला. भावजय दारात उभी राहून सगळं बघत होती.

"बाई, बाई," ती हळूच म्हणाली. "हे आधीचंच असणार. लग्नात लपवलं असेल."

काकूंना वाटलं, आपल्याला भर चौकात कोणीतरी थोबाडीत मारली. सून मरता मरता वाचली हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. लागली ती नाचक्की. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विहीणबाईंना निरोप धाडला की मुलीला घेऊन जा आणि पूर्ण बरी झाल्याशिवाय पाठवू नका. तुम्ही आजार लपवून मुलगी दिलीत, हेही कळवायला त्या विसरल्या नाहीत. गल्ल्यावर बसून तेच गिऱ्हाइकांना सांगितलं. गोष्ट जितक्या वेळा सांगितली तितकी ती त्यांना अधिक खरी वाटत गेली.

निघताना सून एवढंच म्हणाली, "आई, मला खरंच श्वास येत नाही हो."

"श्वास सगळ्यांनाच येतो बाई," काकू म्हणाल्या. "घेणाऱ्यानं घ्यावा लागतो."

सून जिना उतरली.

पुढच्याच महिन्यात काकूंची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. जावई कामासाठी बाहेरगावी जाणार होते. काकूंना आनंद झाला. घर रिकामं रिकामं झालं होतं, ते भरलं. लेकीला त्यांनी मागची खोली दिली. भट्टीचं धुराडं त्या खोलीच्या भिंतीला लागून होतं, त्यामुळे खोली कायम उबदार असायची. सूनही त्याच खोलीत राहायची.

बाळ पहिले काही दिवस मजेत होतं. मग त्याला शिंका आल्या, मग खोकला. लहान मुलांना होतंच, असं म्हणून काकूंनी छातीला तेल चोळलं. एका पहाटे खाली भट्टीत नवं लाकूड घातलं गेलं, खिडकीच्या फटीतून धूर आत आला आणि बाळाच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ते दूध पिईना. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली.

काकूंनी ते पाहिलं मात्र, चपला न घालताच बाळाला घेऊन त्या जिना उतरल्या. मागून लेक रडत आली. गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांनी बाळाला बघितलं, वाफेच्या मशीनचा छोटा मुखवटा नाकावर धरला. हळूहळू शिट्टी कमी झाली. बरगड्या शांत झाल्या.

"बाळ कुठे झोपतं?" त्यांनी विचारलं.

"मागच्या खोलीत," काकू म्हणाल्या. "उबदार असते ती."

"उबदार कशानं?"

"भट्टीचं धुराडं भिंतीला लागून आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "भट्टीत काय जाळता?"

काकूंनी सांगितलं. दारं, खिडक्या, कपाटं. सांगताना पहिल्यांदाच त्यांना ते विचित्र वाटलं.

"घरात आणखी कोणाला असा त्रास आहे?"

"नाही," काकू पटकन म्हणाल्या. जिभेला सवयच झाली होती.

लेकीनं मान वर केली. "आई, वहिनीला होता ना."

"तिचं वेगळं आहे. तिचा आजार माहेरचा आहे."

"असं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे माहेरी तिला जास्त त्रास होतो?"

उत्तर काकूंच्या ओठांवर तयारच होतं. किती जणांना किती वेळा ऐकवलं होतं. "छे, माहेरी गेली की ठणठणीत असते. इथे आली की..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इथे आली की काय होतं?"

तेच वाक्य होतं. त्यातला एकही शब्द बदललेला नव्हता. पण इतके दिवस ज्या वाक्यानं काकू सुनेला खोटी ठरवत होत्या, त्याच वाक्यात ती खरी असल्याचा पुरावा होता, आणि तो त्या स्वतःच्या तोंडानं गल्लीभर वाटत फिरल्या होत्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं की शहराची हवा आधीच वाईट आहे, एकट्या भट्टीवर सगळं ढकलता येणार नाही. पण रंग, सरस आणि सनमायका जळला की त्यातून जे बारीक कण निघतात ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, श्वासनळ्या सुजतात. कोणी ते सोसतं, कोणाला सोसत नाही. पंपाची सवय वगैरे काही लागत नाही. उलट दुखणं दाबून ठेवलं तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

काकूंच्या डोळ्यांपुढे चहाचा ट्रे आला. खिशाकडे गेलेला आणि थांबलेला हात आला.

बाळाला पुन्हा वाफ द्यायची होती म्हणून त्या बाहेर बाकावर येऊन बसल्या. तिथे इस्त्रीवाली होती. तिच्या मांडीवर तिची नात, नाकावर तसाच मुखवटा. पलीकडे मास्तर भिंतीला टेकून बसले होते. काकूंना बघून दोघांनी सरकून जागा दिली, पण नजर दिली नाही.

"तुम्ही इथे?" काकूंनी विचारलं.

"आम्ही इथलेच आहोत, काकू," इस्त्रीवाली म्हणाली. "महिन्यातून एक फेरी ठरलेली."

"मला कधी बोलला नाहीत ते."

इस्त्रीवालीनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. "काय बोलणार? घरातल्या सुनेचं तुम्ही ऐकलं नाहीत. आमचं ऐकलं असतंत?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि मी तरी कुठे शहाणी. मीही हसायचेच ना तुमच्याबरोबर."

काकू मान खाली घालून बसल्या. पायांत चपला नव्हत्या हे आता त्यांच्या लक्षात आलं. नातवाच्या छातीत शिट्टी वाजली तेव्हा त्या अनवाणी धावल्या होत्या. त्याच्यावर त्यांनी क्षणभरही संशय घेतला नव्हता. नातू नाटक करतोय का, आजार लपवून जन्माला आला का, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. तीच घरघर सुनेच्या छातीत वर्षानुवर्षं वाजत होती आणि त्यांनी तिला दार लावून घ्यायला सांगितलं होतं.

बाळ सुधारल्यावर लेक त्याला घेऊन सासरी निघून गेली. इथे ठेवायची तिची हिंमत होईना, आणि राहा म्हणायचं काकूंच्या जिभेवर येईना. मग एके सकाळी गल्ला मुलाच्या हवाली करून काकू शेवटच्या थांब्यापर्यंत जाणाऱ्या बसमध्ये बसल्या.

विहीणबाईंनी दार उघडलं. या म्हटलं नाही, पण बाजूला झाल्या. पाण्याचा पेला आणून ठेवला आणि आत गेल्या. सून अंगणात कपडे वाळत घालत होती. वजन भरलं होतं. काकूंना बघून ती हातातलं काम संपवूनच आली.

"बाळ कसं आहे?" तिनं विचारलं.

तिला सगळं कळलेलं होतं, आणि तिनं आधी बाळाचं विचारलं. काकूंनी घरून मनाशी जुळवून आणलेलं बोलणं तिथेच विस्कटलं.

"बरं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुरानं झालं. तुझंही धुरानंच. तुझी काही चूक नव्हती गं."

"ते मला माहीत आहे, आई. तेव्हाही माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. मागची खिडकी बुजवून घेऊ या म्हटलं होतं, धूर येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, याच धुरावर हे घर उभं आहे, तुला नको असेल तर तू दुसरं घर बघ."

काकूंना ते आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हणालो असू याबद्दल त्यांना शंका वाटली नाही.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मला माफ कर आणि घरी चल. मागची खोली नको, पुढची घे."

"मला तुमची माफी नको आहे," सून म्हणाली. तिचा आवाज अजून थोडा फाटका होता, पण मधे तुटत नव्हता. "माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं. त्या लोकांचं कोणीतरी तुमच्या गल्लीत राहतं. त्यांच्या कानावर गेलं की या घरात दमा आहे, मोठीला लपवून दिली. त्यांनी नाही म्हणून कळवलं. ती खोलीतून बाहेर येत नाही, तुम्ही आलात म्हणूनही आली नाही. आता मी घरी आले काय आणि नाही आले काय, तिचं काय होणार आहे? तुम्ही जिथे बसून बोललात तिथे बसून बोला. मला इथे येऊन सांगण्यात काय आहे?"

काकू परत आल्या त्या हेच मनाशी घोकत. उद्या सकाळीच सांगायचं. सकाळ झाली, गिऱ्हाइकं आली. एका बाईनं विचारलं, "काय हो, सून कधी येणार?" काकूंनी तोंड उघडलं. "येईल," त्या म्हणाल्या आणि पाव गुंडाळू लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. सुनेची बदनामी करताना जी जीभ सराईतासारखी चालायची, ती आता टाळ्याला चिकटून बसायची. आपण इतक्या भित्र्या असू असं काकूंना कधी वाटलं नव्हतं.

मुलाशी मात्र त्या बोलल्या. हे लाकूड बंद कर म्हणाल्या. तो म्हणाला, "आणि कारागिरांना काय सांगू? गॅसची भट्टी काय अशी उचलून आणता येते? सगळे हेच जाळतात आई, मी एकटाच नाही." त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी भट्टीच्या धुराची तक्रार केली. तपासणीला महापालिकेचे अधिकारी येणार असं कळलं आणि मुलगा कधी नव्हे तो बोलका झाला. आईजवळ येऊन बसला.

"तू फक्त खरं तेच सांग," तो म्हणाला. "जन्म या भट्टीवर काढला, कधी साधं औषध घ्यावं लागलं नाही, एवढंच. तुझ्याकडे बघून कोण म्हणेल धुरानं काही होतं म्हणून? तूच आमचा दाखला."

त्यात खोटं काहीच नव्हतं. काकूंची प्रकृती खरंच दणकट होती.

अधिकारी दुपारी आले, सोबत दोन मदतनीस. त्यांनी धुराडं बघितलं, लाकडांचा ढीग बघितला, त्यातली एक रंगीत फळी उचलून उलटसुलट केली. बघता बघता बेकरीसमोर गल्ली जमा झाली. मुलगा पुढे झाला. "साहेब, लोक काहीही बोलतात. ही माझी आई. लग्न झाल्यापासून याच भट्टीच्या वर राहते. तिलाच विचारा."

"काय आजी," अधिकारी म्हणाले, "धुराचा त्रास होतो का?"

"मला नाही होत," काकू म्हणाल्या.

मुलानं समाधानानं लोकांकडे पाहिलं. अधिकारी वळणार, इतक्यात काकू पुढे म्हणाल्या, "मला झाला नाही साहेब, म्हणून कोणालाच होत नाही असं मी धरून चालले. माझ्या यजमानांना झाला. नातवाला झाला. सुनेला झाला, आणि तिला मी खोटी म्हटलं."

"आई," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"थांब जरा. परत धीर व्हायचा नाही मला." काकू अधिकाऱ्यांना सोडून गल्लीकडे वळल्या. "तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं, ती नाटकं करते. तिच्या माहेरच्यांनी दमा लपवला म्हणून सांगितलं. तिच्या माहेरी कोणाला दमा नाही. आली तेव्हा तिचा आवाज कसा होता, तुम्हीच ऐकलाय. तो आजार आमच्या घरचा आहे. आम्ही तिला दिला. आणि पंप घेऊ दिला नाही, लोक काय म्हणतील म्हणून. पाहुण्यांसमोर तिचा जीव जात होता आणि मी बिस्किटं वाढत होते."

काकूंची नजर पायांकडे होती. "हे ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून ऐकून पुढे सांगितलं असेल, त्यांनी आता हेही सांगा. एका मुलीचं लग्न मोडलंय त्यापायी."

त्यांना वाटलं होतं, बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उलट लोकांच्या नजरा अंगावर काट्यासारख्या रुतल्या. गर्दीतून इस्त्रीवाली पुढे आली, नातीला कडेवर घेऊन. "साहेब, हिलापण बघा," ती एवढंच म्हणाली. तिच्यामागून मास्तर आले. मग आणखी एक बाई, जिच्या घरात कोणी आजारी आहे हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं.

भट्टीला टाळं लागलं. भंगाराचं लाकूड जाळायचं नाही, या अटीवरच ते निघणार होतं. मुलगा कित्येक दिवस आईशी बोलला नाही. दोन कारागीर दुसरीकडे गेले. पलीकडच्या गल्लीतला बेकरीवाला येऊन काकूंना तोंडावर म्हणाला, "तुमच्या तोंडाला आवर नसल्यामुळे उद्या आमच्यावर येणार." काकूंनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी लहान मुलं आहेत ना?" तो पाणी न पिताच गेला.

भट्टी थंड पडलेली असताना मुलाचा सकाळचा खोकला कमी झाला. आपल्याला खोकला आहे हेच आजवर त्याला ठाऊक नव्हतं. तो कोणाला काही म्हणाला नाही, पण एके दिवशी दुकानाची अर्धी जागा भाड्यानं देऊन त्यानं गॅसच्या भट्टीची सोय केली. पावाची चव बदलली अशी कुरकुर काही दिवस झाली. मग लोक विसरले. शहराची हवा काही एका भट्टीनं स्वच्छ झाली नाही. ट्रक होतेच, बांधकामं होतीच, पलीकडच्या गल्लीतलं धुराडं होतंच.

नवी भट्टी सुरू झाल्यावर मुलगा बायकोला आणायला गेला. ती लगेच आली नाही. बहिणीसाठी आलेल्या नव्या स्थळाचं नक्की झाल्यावर आली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं, बरंच भरून येईल, सगळं येणार नाही. बालवर्गाची नोकरी तिनं पुन्हा धरली नाही. तेवढा आवाज आता उरला नव्हता.

आली त्या दिवशी काकू गल्ल्यावर होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या, पण मान काही वर होईना.

"आई, अशी मान खाली घालून नका राहू," सून म्हणाली. "लोकांना वाटेल, आल्या आल्या मी तुम्हाला बोलले."

"वाटू दे," काकू म्हणाल्या. "तू बोलायला हवं होतंस."

"मला श्वास जपून वापरावा लागतो," सून म्हणाली आणि किंचित हसली. काकूंना हसू आलं नाही.

दोघी आता सकाळी एकत्र गल्ल्यावर बसतात. फार बोलत नाहीत. सून दम लागला की तिथेच, सगळ्यांसमोर पंप घेते. कोणी विचारलंच की ही मधे माहेरी का गेली होती, तर उत्तर काकू देतात. देताना दर वेळी त्यांचा चेहरा उतरतो, पण त्या एकही शब्द गाळत नाहीत.

एकदा पलीकडच्या गल्लीतली एक तरुण बाई पाव घ्यायला आली. नवीन लग्न झालेली असावी. पैसे देताना तिला ठसका लागला आणि तो थांबेना. तिनं तोंडावर रुमाल दाबला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ती कसनुसं हसून म्हणाली, "काही नाही हो, जरा दगदग झाली."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "घरी सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

बाईनं मान हलवली. आधी हो अशी, मग नाही अशी. तिचे डोळे भरून आले.

काकूंनी गल्ल्याची किल्ली सुनेच्या हातात दिली आणि चपला पायात सरकवल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासूला भेटायचंय मला. ती काय काय म्हणेल, सगळं ठाऊक आहे."